रडारवरील ‘बिघाडा’चा अर्थ लावणाऱ्या एलिझाबेथ अलेक्झांडर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, एका बाजूला दक्षिण आल्प्सची हिमाच्छादित रांग आणि दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागर यांच्यामध्ये कँटरबरीचे सपाट मैदान पसरलेले आहे. या मैदानावर राकाया परिसरात हवामान खात्याचे एक रडार उभे आहे. पांढऱ्या घुमटाखाली त्याची तबकडी अहोरात्र फिरत असते आणि काही मिनिटांच्या अंतराने सभोवतालच्या आकाशाचे नवे चित्र वेलिंग्टनमधील अंदाजतज्ज्ञांच्या पडद्यावर उमटत असते. कोणत्या ढगात किती पाणी आहे, तो कोणत्या गावाकडे सरकत आहे आणि इशारा किती लवकर द्यावा लागेल, हे या चित्रावरून ठरते.

अशा प्रत्येक रडारला दोन गोष्टी नेहमी भेडसावतात. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या सुमारास सूर्याच्या दिशेने चित्रावर एक सरळ, बारीक रेघ उमटते. तेथे ढगही नसतो आणि पाऊसही नसतो. दुसरी गोष्ट अधिक फसवी असते. हवा विशिष्ट प्रकारे तापलेली आणि कोरडी असली म्हणजे रडारची शलाका जमिनीकडे वाकते आणि दूरचे डोंगर, जहाजे, समुद्राचा पृष्ठभाग असे सारे काही पावसासारखे दिसू लागते. आजची यंत्रणा या दोन्ही गोष्टी ओळखते आणि त्यांतील पहिलीचा तर चक्क उपयोग करून घेते. परंतु रडार नवे होते त्या काळात हे दोन्ही प्रकार यंत्राचे बिघाड किंवा चालकांच्या चुका म्हणून गणले जात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेलिंग्टनमध्ये बसून या दोन्ही ‘बिघाडां’ची गांभीर्याने दखल घेणारी व्यक्ती एकच होती. तिचे नाव डॉ. एलिझाबेथ अलेक्झांडर.

पाटण्यातील बालपण, केंब्रिजमधील खडक

फ्रान्सेस एलिझाबेथ सॉमरव्हिल कॉल्डवेल यांचा जन्म १३ डिसेंबर १९०८ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात मर्टन येथे झाला. त्यांचे बालपण मात्र भारतात गेले. वडील पाटण्याला विज्ञानाचे अध्यापन करीत असत आणि पुढे नव्याने स्थापन झालेल्या पाटणा सायन्स कॉलेजचे ते पहिले प्राचार्य झाले. गंगेकाठच्या त्या शहरातून दहाव्या वर्षाच्या आसपास, १९१८ मध्ये, एलिझाबेथ यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. वसाहतींत वाढणाऱ्या इंग्रज मुलांच्या वाट्याला येणारी ही नेहमीची ताटातूट होती. मुक्काम हलविण्याचा हा पहिला प्रसंग. पुढे आयुष्यभर असे प्रसंग येतच राहिले.

केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या निसर्गविज्ञान शिकू लागल्या तेव्हा त्यांचा ओढा प्रथम भौतिकशास्त्राकडे होता. नंतर त्या भूविज्ञानाकडे वळल्या, त्यात प्रथम श्रेणी मिळविली आणि १९३४ मध्ये एमेस्ट्री चुनखडकावरील संशोधनासाठी पीएच.डी. मिळविली. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेला बसू देत असे; पूर्ण पदवीचा मान मात्र देत नसे. तो मान स्त्रियांना मिळण्यासाठी १९४८ साल उजाडावे लागले.

भूविज्ञान आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विषयांचा पाया पक्का असणे, ही त्यांच्या पुढील कामातील निर्णायक बाब ठरली. भूवैज्ञानिकाला प्रयोग मनासारखा मांडता येत नाही. जे समोर उघडे पडले असेल, तेच नीट पाहून त्याचा अर्थ लावावा लागतो. एका दगडावरून निष्कर्ष न काढता दहा ठिकाणचे दगड पाहावे लागतात. हीच सवय पुढे रडारच्या नोंदी वाचताना उपयोगी पडली.

सिंगापूर: घर, प्रयोग आणि युद्ध

१९३५ मध्ये त्यांचा विवाह नॉर्मन अलेक्झांडर यांच्याशी झाला. नॉर्मन हे मूळचे न्यूझीलंडचे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि केंब्रिजमध्ये संशोधनासाठी आले होते. सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात त्यांना भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले आणि नवे दांपत्य तेथे गेले. एलिझाबेथ यांना नोकरी नव्हती. पण त्या स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. उष्ण कटिबंधातील पावसात आणि उन्हात खडक किती वेगाने कुजतो व त्याची माती कशी होते, याचा दीर्घ मुदतीचा प्रयोग त्यांनी स्वतःच सुरू केला. संसार वाढत होता. तीन अपत्ये झाली होती.

युद्धाची चाहूल लागताच सिंगापूरच्या ब्रिटिश नौदल तळावर त्यांना काम मिळाले. रेडिओलहरी कोणत्या दिशेने येत आहेत हे शोधून काढण्याच्या गुप्त तंत्राचे हे काम होते. अशा प्रकारे खडकांची अभ्यासक रेडिओच्या जगात आली.

जानेवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य मलायाच्या द्वीपकल्पातून झपाट्याने खाली सरकत होते. तिन्ही मुलांना न्यूझीलंडमध्ये सुरक्षित ठेवून कामावर परत यावे, असा आदेश एलिझाबेथ यांना मिळाला. त्या मुलांना घेऊन निघाल्या. त्या परतण्याआधीच १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. नॉर्मन तेथेच अडकले आणि जपान्यांच्या नजरकैदेत गेले. त्यांच्याविषयी काहीच खात्रीशीर बातमी मिळेना. ते मरण पावल्याच्या वार्ता मात्र कानावर येत. घर, प्रयोग, कागदपत्रे सारे मागे राहिले होते. तेहतीस वर्षांची ही बाई तीन लहान मुलांसह एका नव्या देशात उभी होती आणि उत्पन्नाचे साधन शोधणे भाग होते.

वेलिंग्टनमधील प्रयोगशाळा

न्यूझीलंडमध्ये तेव्हा रडारतज्ज्ञांची तीव्र गरज होती. रदरफर्ड यांच्या हाताखाली अल्फा कणांचे विख्यात प्रयोग केलेले अर्नेस्ट मार्सडेन हे त्या देशाच्या वैज्ञानिक विभागाचे प्रमुख होते. १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये रडारचे रहस्य समजून घेऊन ते परतले होते आणि त्यांच्या पुढाकाराने वेलिंग्टनला रेडिओ विकास प्रयोगशाळा आकाराला आली होती. लहान देश, मोठा किनारा आणि प्रशांत महासागरातील बेटांवर पसरलेली केंद्रे अशी ती स्थिती होती. १९४२ मध्ये या प्रयोगशाळेच्या कार्यात्मक संशोधन विभागाचे प्रमुखपद एलिझाबेथ अलेक्झांडर यांच्याकडे आले. ते त्यांनी १९४५ पर्यंत सांभाळले.

रडार बनविणे वेगळे आणि ते प्रत्यक्षात कसे चालते हे तपासणे वेगळे. दुसरे काम या विभागाकडे होते. ठिकठिकाणच्या केंद्रांवरून येणाऱ्या नोंदी, तक्रारी, विचित्र अनुभव त्यांच्याकडे येत. कोणते केंद्र कमी अंतरापर्यंत पाहते, कोणते अकारण जास्त पाहते, कुठे पडद्यावर नसलेली जहाजे दिसतात, कुठे दाट गवतासारखे तुरे उभे राहून खरी खूण झाकून टाकतात, हे सारे त्यांना तपासावे लागे. साध्या चालकाने लिहिलेल्या चार ओळींतून निसर्गाविषयी काही कळते का, हे पाहण्याची वृत्ती त्यांच्यापाशी होती. वरिष्ठांना बिघाडाचे कारण सांगून मोकळे होणे अधिक सोपे होते. काम गुप्त असल्यामुळे घरी वा मित्रमंडळींत त्याविषयी बोलण्याचीही सोय नव्हती.

वाऱ्याने वाकविलेली शलाका

यातील एक कोडे कँटरबरीच्या किनाऱ्यावरून आले. तेथील रडार काही दिवशी समुद्रावर आपल्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचे पाहू लागत. क्षितिजाखाली असलेली, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईमुळे दिसूच नयेत अशी लक्ष्येही पडद्यावर येत. हे केव्हा घडते हे पाहता त्याचा संबंध वायव्येकडून वाहणाऱ्या वाऱ्याशी जुळत होता.

सह्याद्रीच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या मराठी माणसाला या वाऱ्याची जडणघडण चटकन समजेल. पश्चिमेकडून येणारी दमट हवा दक्षिण आल्प्सवर चढताना आपले पाणी पश्चिम उतारावर सांडते. तेथील मिलफर्ड साउंड येथे वर्षाला सहा मीटरहून अधिक पाऊस पडतो. पर्वत ओलांडल्यावर हीच हवा पूर्वेकडे उतरते, तेव्हा ती कोरडी आणि दाबामुळे तापलेली असते. शालेय भूगोलात ज्याला फॉन वारा म्हणतात, तोच हा प्रकार. महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्यात पावसाचा जो फरक, तसाच तेथेही आहे. मात्र कँटरबरीचा वारा उतरताना विलक्षण तापतो आणि मैदान ओलांडून थेट थंड समुद्रावर जातो.

येथे रडारचा संबंध येतो. थंड समुद्रालगत गार आणि दमट हवेचा पातळ थर असतो आणि त्यावर ही उष्ण, कोरडी हवा येऊन बसते. रेडिओलहरींचे वक्रीभवन हवेतील तापमान आणि त्याहून अधिक आर्द्रता यांवर अवलंबून असते. उंचीनुसार आर्द्रता एकदम घटली की शलाका वर सुटून न जाता पाण्याच्या पृष्ठभागाकडे वाकते आणि त्या थरातच अडकून नळीतून गेल्यासारखी दूरवर प्रवास करते. दूरचे लक्ष्य जवळ आल्यासारखे दिसते ते यामुळे. म्हणजे रडार बिघडलेले नव्हते. ते वातावरणाच्या थरांचे वर्तन दाखवीत होते.

असाच अनुभव त्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही येत होता. पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत मुंबईच्या दीड मीटर तरंगलांबीच्या रडारला अरबस्तानच्या किनाऱ्यावरून, हजार मैलांहून अधिक अंतरावरून, प्रतिध्वनी मिळाल्याच्या नोंदी रडारशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. नैऋत्य मोसमी वारा सुरू झाला, हवेचे थर घुसळले गेले की हा चमत्कार थांबत असे. कँटरबरीचा वायव्य वारा आणि अरबी समुद्रावरील उन्हाळा यांत भौतिकशास्त्र एकच होते.

एलिझाबेथ यांनी कँटरबरीच्या या घटनेत एक तयार प्रयोगशाळा पाहिली. उष्ण कोरडी हवा, थंड समुद्र आणि पुन्हा पुन्हा वाहणारा एकाच स्वभावाचा वारा अशी इतकी स्वच्छ मांडणी निसर्गात सहसा सापडत नाही. त्यांच्या या कामातून पुढे कँटरबरी प्रकल्प उभा राहिला. युद्ध संपल्यावर १९४६-४७ मध्ये ॲशबर्टन येथे तळ ठेवून, ब्रिटनच्या सहकार्याने, हवेतील तापमान व आर्द्रता आणि रेडिओलहरींचा प्रवास यांची एकाच वेळी मोजमापे घेण्यात आली. प्रकल्प प्रत्यक्ष सुरू झाला तेव्हा एलिझाबेथ न्यूझीलंडमधील आपले काम सोडून गेल्या होत्या.

नॉरफोक बेटाचे कोडे

दुसरे कोडे त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. न्यूझीलंडच्या वायव्येस, तास्मान समुद्राच्या उत्तर टोकाला नॉरफोक हे लहानसे बेट आहे. तेथे न्यूझीलंडच्या हवाई दलाचे २०० मेगाहर्ट्झवर चालणारे रडार होते. मार्च १९४५ च्या अखेरीस तेथील चालकांच्या लक्षात आले की सूर्य उगवताना आणि मावळताना, अँटेना सूर्याकडे वळली की पडद्यावरचा गोंधळ एकदम वाढतो. अँटेना बाजूला वळविली की तो ओसरतो. त्या रडारची अँटेना वर उचलता येत नसे. त्यामुळे सूर्य क्षितिजाजवळ असतानाच तो तिच्या टप्प्यात येई.

हा अहवाल वेलिंग्टनला पोहोचला. शत्रूने मुद्दाम सोडलेल्या लहरी, यंत्रातील दोष किंवा चालकाचा भ्रम यांपैकी कोणतेही कारण सहज पटण्याजोगे होते. एलिझाबेथ यांनी घाईने निष्कर्ष काढला नाही. न्यूझीलंडच्या उत्तर भागातील नॉर्थ केप, मॉन्गानुई ब्लफ, ऑकलंडजवळील पिहा अशा इतर केंद्रांनाही ठरावीक पद्धतीने सूर्याकडे पाहून नोंदी घेण्यास सांगण्यात आले. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या यंत्रांवर तीच गोष्ट दिसू लागली, तेव्हा एका यंत्राचा दोष ही शक्यता मावळली. अँटेना सूर्यापासून थोडी जरी हटली तरी गोंधळ कमी होतो, यावरून उगमही निश्चित झाला. लहरी सूर्याकडूनच येत होत्या.

खरा पेच पुढे होता. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग सुमारे सहा हजार अंश तापमानाचा आहे. तेवढ्या तापलेल्या गोळ्यातून दीड मीटर तरंगलांबीच्या जेवढ्या लहरी निघाव्यात, त्यांहून कितीतरी प्रबळ लहरी येथे मिळत होत्या. म्हणजे सूर्याच्या ठायी केवळ उष्णतेने स्पष्ट न होणारी काही प्रक्रिया चालू होती आणि तिचा संबंध सौर डागांच्या हालचालीशी असावा असे दिसत होते. ऑगस्ट १९४५ मध्ये एलिझाबेथ यांनी या घटनेवर अहवाल लिहिला आणि तिला नॉरफोक बेट परिणाम हे नाव मिळाले. १९४६ मध्ये त्यांनी सूर्याच्या रेडिओ ऊर्जेवर एक लेख न्यूझीलंडमधील एका रेडिओविषयक मासिकात प्रसिद्ध केला.

याआधी १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये जे. एस. हे यांना लष्करी रडारांवर असाच प्रकार आढळला होता; पण तो युद्धगुपितात दडलेला होता आणि वेलिंग्टनला त्याची वार्ता नव्हती. एलिझाबेथ स्वतंत्रपणे त्या निष्कर्षापर्यंत पोहोचल्या. त्यांच्या अहवालाने सिडनीतील जोसेफ पॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे लक्ष वेधले आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियातही सूर्याच्या रेडिओलहरींची निरीक्षणे सुरू झाली. जगातील रेडिओ-खगोलशास्त्राच्या आघाडीच्या गटांपैकी एक तेथे घडला. ऑकलंडच्या विद्यापीठ महाविद्यालयात ॲलन मॅक्सवेल यांनी हाच विषय पुढे नेला. जेथून नोंदी घेतल्या गेल्या त्या पिहाच्या किनाऱ्यावर १९४८ मध्ये जॉन बोल्टन आणि गॉर्डन स्टॅनली ऑस्ट्रेलियातून उपकरणे घेऊन आले आणि आकाशातील दूरस्थ रेडिओ-उगमांची स्थाने त्यांनी अचूक ठरविली. रेडिओ-खगोलशास्त्रात काम करणारी पहिली स्त्री म्हणून एलिझाबेथ अलेक्झांडर यांचे नाव आज इतिहासकार घेतात. त्यांनी स्वतः मात्र या क्षेत्रात पुन्हा पाऊल टाकले नाही.

पुन्हा खडकांकडे

१९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि नॉर्मन जिवंत असल्याचे निश्चित झाले. साडेतीन वर्षांच्या बंदिवासानंतर, प्रकृती सावरण्यासाठी ते न्यूझीलंडला आले. एलिझाबेथ यांचा प्रयोगशाळेतील करार त्याच वर्षी संपला. युद्धानंतर दोघेही सिंगापूरला परतले. तेथील उच्चशिक्षणाची घडी पुन्हा बसविण्याचे काम होते आणि एलिझाबेथ यांनी कॉलेजच्या निबंधकपदाची जबाबदारी उचलली. पुढे १९४९ मध्ये सिंगापूर सरकारच्या भूवैज्ञानिक म्हणून त्यांनी बेटांवर फिरून ग्रॅनाइटचे साठे पाहिले. त्यांचा अहवाल १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यासोबत सिंगापूरचा पहिला भूवैज्ञानिक नकाशा आला. युद्धाने अर्धवट राहिलेला खडक कुजण्याचा प्रयोगही त्यांनी सोडला नव्हता.

१९५२ मध्ये नॉर्मन यांना नायजेरियातील इबादान येथील विद्यापीठ महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले आणि पुन्हा एकदा मुक्काम हलला. एलिझाबेथ तेथे मृदाशास्त्र शिकवू लागल्या. १९५८ मध्ये नव्या भूविज्ञान विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली. आयुष्यभर पतीच्या नोकरीमागे देश बदलल्यावर, स्वतःच्या विषयातील विभाग उभारण्याची संधी त्यांना पहिल्यांदाच लाभली होती. नेमणुकीनंतर अवघ्या तीन आठवड्यांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १५ ऑक्टोबर १९५८ रोजी, पन्नाशी पूर्ण होण्यास दोन महिने असताना, त्यांचे निधन झाले. सिंगापूरच्या खडकांवरील त्यांचा संशोधनलेख त्यांच्या पश्चात १९५९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

प्रत्येक देशात त्यांनी नव्याने सुरुवात केली आणि प्रत्येक देशात काही टिकाऊ मागे ठेवले. पण एकाही देशाने त्यांना आपले म्हणून जपून ठेवले नाही. भूवैज्ञानिकांना त्यांचे रडारवरील काम ठाऊक नव्हते आणि रेडिओतज्ज्ञांना त्यांचे खडक ठाऊक नव्हते. त्यांची कन्या मेरी हॅरिस यांनी लिहिलेले चरित्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हे विखुरलेले आयुष्य प्रथमच एका जागी आले.

वादळाच्या इशाऱ्यापर्यंत

युद्ध संपल्यावर लष्करी रडार हवामानशास्त्रज्ञांच्या हाती आले. लहान तरंगलांबीच्या रडारांवर पाऊस दिसतो, हे युद्धातच लक्षात आले होते. विमाने शोधणाऱ्यांना तो अडथळा वाटे. तोच अडथळा हवामानशास्त्राचे साधन झाला. आज न्यूझीलंडमध्ये उत्तर टोकापासून दक्षिणेकडील साउथलँडपर्यंत दहा हवामान रडारांचे जाळे आहे.

या रडारांना सूर्य आजही दिसतो. फरक इतकाच की आता त्याची वाट पाहिली जाते. सूर्य आकाशात नेमका कोठे आहे हे गणिताने ठाऊक असते. त्यामुळे रडारला तो कोठे दिसला यावरून तबकडीच्या दिशेतील चूक पकडता येते. अर्ध्या अंशाची चूक शंभर किलोमीटरवर जवळजवळ नऊशे मीटरची होते आणि त्यामुळे ढगाचा भलताच थर मोजला जातो. सूर्याकडून येणाऱ्या लहरींची तीव्रता कॅनडामध्ये १९४७ पासून नियमितपणे मोजली जाते. तिच्याशी ताडून पाहिले की रडारचा ग्राहक भाग मंद पडला आहे काय, हेही कळते. रडारच्या मोजमापात एका डेसिबलची चूक झाली तर नेहमीच्या सूत्राने काढलेल्या पावसाच्या आकड्यात सुमारे पंधरा टक्क्यांची चूक होते. नदीच्या पुराचा इशारा देताना एवढा फरक निर्णायक ठरू शकतो. नॉरफोक बेटावरचा तो गोंधळ अशा रीतीने यंत्राची नाडी तपासण्याचे साधन झाला आहे.

वाकलेल्या शलाकेचा प्रश्न अधिक चिवट आहे. खोटा पाऊस खरा मानला तर निष्कारण इशारा जातो आणि लोकांचा विश्वास उडतो. खरा पाऊस खोटा म्हणून गाळला तर इशारा जातच नाही. डॉप्लर तंत्राने स्थिर डोंगर आणि हलता पाऊस वेगळे करता येतात. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही प्रतलांतील लहरी सोडणारी नवी रडारे थेंबाचा आकार ओळखून पाऊस, गारा आणि जमिनीवरील वस्तू यांत फरक करतात. याहून पुढचे पाऊलही टाकले गेले आहे. गाळून टाकायच्या त्या स्थिर प्रतिध्वनींत होणारा सूक्ष्म बदल मोजून जमिनीलगतच्या हवेतील आर्द्रता काढण्याची पद्धत कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात १९९० च्या दशकात विकसित झाली. ही आर्द्रता म्हणजे गडगडाटी वादळाचे इंधन. ती आधी कळली तर ढग बनण्यापूर्वीच सावध होता येते. वातावरण शलाकेवर जो परिणाम करते त्यावरून वातावरणच वाचायचे, हा कँटरबरीतील विचार येथे निराळ्या रूपात परतलेला दिसतो.

उद्याच्या रडारांत तबकडी फिरणारच नाही. शेकडो लहान अँटेनांच्या सपाट फळीतून शलाका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने क्षणार्धात वळविता येते आणि सारे आकाश एका मिनिटाच्या आत पाहून होते. जपान आणि अमेरिका येथे अशा रडारांवर काम चालू आहे. झपाट्याने वाढणाऱ्या वादळात वाचलेली चार-पाच मिनिटे मोलाची असतात. परंतु शलाका जसजशी वळते तसतशी अशा फळीची क्षमता बदलत जाते आणि तिचे मोजमाप अचूक ठेवणे फिरत्या तबकडीपेक्षा अवघड होते. यंत्राबाहेरचा एखादा भरवशाचा मापदंड तेथे अधिकच लागतो.

या साऱ्याची निकड दोन्ही देशांनी अनुभवली आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरात एवढा फरक करणारा ढग दाखवू शकणारे डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हते. आज कुलाबा आणि वेरावली येथे ती उभी आहेत. ऑकलंडमध्ये २७ जानेवारी २०२३ च्या अतिवृष्टीत चार जणांचे प्राण गेले आणि पाठोपाठ फेब्रुवारीत आलेल्या गॅब्रिएल चक्रीवादळाने अकरा बळी घेतले. ऑकलंड किंवा वेलिंग्टनमध्ये राहणारी मराठी कुटुंबे आता पाऊस सुरू झाला की मोबाईलवर रडारचे चित्र उघडून पाहतात, तशीच ती ठाण्या-पनवेलकडच्या आईवडिलांसाठी मुंबईचेही चित्र पाहतात.

त्या चित्रावर एखाद्या संध्याकाळी मावळतीच्या दिशेने जाणारी बारीक रेघ क्वचित राहून जाते. गाळणीतून सुटलेली ती सूर्याची खूण असते. १९४५ च्या मार्चमध्ये नॉरफोक बेटावरील चालकांनी तिची नोंद केली आणि तीन मुलांना एकटीने वाढवीत, पतीच्या बातमीची वाट पाहत वेलिंग्टनमध्ये काम करणाऱ्या एका भूवैज्ञानिक स्त्रीने ती नोंद बाजूला सारली नाही.